प्याल्याच्या तळाशी



घरातील भांड्यांवरून घराची रीत कळते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्स नगरीविषयीही तेच म्हणावे लागेल. तेथील प्रतिष्ठित पुरुष रात्री मंचकांवर रेलून मद्यपानास बसत. या बैठकीला ते 'सिंपोझिओन' म्हणत, आणि तिची बहुतेक सारी शिस्त कुंभाराच्या हातून घडलेली होती.

निर्भेळ द्राक्षारस पिणे हे त्यांच्या लेखी रानटीपणाचे लक्षण. म्हणून 'क्राटर' नावाच्या रुंद तोंडाच्या घड्यात तो ओतून त्यात पाणी मिसळीत. पाण्याचा भाग बहुधा अधिक असे, आणि प्रमाण बैठकीचा प्रमुख ठरवी. (मिस्सामध्ये द्राक्षारसात पाण्याचे थेंब घालतात, त्याचे मूळ याच भूमध्यसागरी रिवाजात आहे, अर्थ मात्र पुढे निराळा लाभला.) इ. स. पूर्व चौथ्या शतकातील नाटककार यूबुलस याने तर खुद्द मद्यदेवतेच्या तोंडून सांगितले की, शहाण्यांसाठी असे तीनच घडे. त्यापुढचे घडे आरडाओरड, मारामारी आणि अखेर वेड यांचे.

पिण्याचा प्याला 'कीलिक्स' पसरट, उथळ, दोन कानांचा असे. काहींच्या बाहेरच्या अंगावर दोन मोठे डोळे रंगविलेले असत. पिणाऱ्याने प्याला तोंडाला लावला की त्याचा चेहरा झाकला जाई आणि सोबत्यांना दिसे तो मुखवटा! माणूस मद्यात स्वतःचे तोंड हरवतो, हे त्या कुंभारांना ठाऊक असावे.

असाच एक प्याला जर्मनीत व्युर्त्सबुर्ग येथील संग्रहालयात आहे. काळ सुमारे इ. स. पूर्व ४९०. रंगविणाऱ्याचे नाव अज्ञात आहे. ब्रायगोस या कुंभाराच्या नावावरून त्याला 'ब्रायगोसचा चित्रकार' म्हणतात. प्याल्याच्या बाहेर झिंगलेल्यांची मिरवणूक. आत, अगदी तळाशी, एक तरुण वाकून ओकतो आहे आणि एक तरुणी त्याचे डोके सावरून धरीत आहे.

कोणी म्हणतील, ही थट्टा आहे. असेलही. परंतु माझे लक्ष त्या मुलीच्या हातांकडे जाते. गृहिणींना त्या बैठकीत प्रवेश नव्हता; येत त्या वादनासाठी व करमणुकीसाठी आणलेल्या स्त्रिया, पुष्कळदा गुलाम. मौज पुरुषांची, आणि शेवटी डोके धरणारे हात तिचे.

प्याला भरलेला असेपर्यंत ती द्राक्षारसाखाली असे. शेवटचा घोट संपल्यावरच ती दृष्टीस पडे.