फुकटचं धान्य आणि आळशी माणसं

"खेड्यातल्या गरिबाला फुकट खायला दिलं की तो आळशी होतो." आमच्या हापिसात हे वाक्य मी कॉफी मशीनपाशी नेहमी ऐकतो. (बोलणाऱ्याच्या हातातली कॉफी कंपनीची, म्हणजे फुकटचीच!) तर या मंडळींसाठी थोडा डेटा.

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. टीबीच्या पेशंटांना तर सगळ्यांनाच शिधा दिला. पण एका गटात घरच्या इतरांनाही दिला. माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि वर जीवनसत्त्वांच्या गोळ्या. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापूनही आलं. ना नवं औषध, ना लस!

कारण सरळ आहे. पोट रिकामं की प्रतिकारशक्ती ढासळते, मग आजार, मग मजुरी बुडते, की पोट आणखी रिकामं. प्रोग्रामर लोकांना इन्फिनिट लूप म्हणजे काय हे मी सांगायला नको. सरकारकडून पेशंटला महिना १००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ आधी ५००च होते). त्यात आख्ख्या घराचं पोट कसं भरणार?

२०२२ पासून 'निक्षय मित्र' होऊन कुणालाही अशा पेशंटला शिधा पुरवता येतो, किमान सहा महिने. तेव्हा एका दिवसाची ट्रिप, बिस्किटांचे पुडे आणि ग्रुप फोटो पुरे झाले. सहा महिने न चुकता धान्य पाठवा, तेही घरातल्या सगळ्यांना पुरेल इतकं.

आळशी कोण, ते तिसऱ्या महिन्यातच कळेल!