विश्लेषण : टेक्सासच्या स्टार काउंटीने १३२ वर्षांनी रंग का बदलला?

अमेरिका-मेक्सिको सीमेवर, रिओ ग्रँड नदीकाठी वसलेल्या स्टार काउंटीने २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे ५८ टक्के मते दिली. याआधी या काउंटीत रिपब्लिकन उमेदवाराने बाजी मारली होती ती थेट १८९२ मध्ये. स्थलांतरितांविरोधात कठोर भूमिका घेणाऱ्या नेत्याला ९५ टक्क्यांहून अधिक लॅटिनो वस्तीच्या काउंटीने कौल दिल्याने त्याची मोठी चर्चा झाली. ‘लॅटिनो मतदार उलटला’ असा निष्कर्षही लगेच निघाला. मात्र केवळ टक्केवारी न पाहता प्रत्यक्ष मतांची संख्या पाहिली, तर हा निष्कर्ष अपुरा ठरतो.

स्टार काउंटी कशी आहे?

काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. अमेरिकेत मतदार नोंदणीपासून मतमोजणीपर्यंतची बहुतेक कामे काउंटीच्या पातळीवर होतात. स्टारची लोकसंख्या सुमारे ६६ हजार असून मुख्यालय रिओ ग्रँड सिटी येथे आहे. शेती आणि पशुपालन हे जुने व्यवसाय. राज्यातील सर्वात गरीब काउंट्यांपैकी ही एक. १९६६ मध्ये येथील खरबूज मळ्यांतील मजुरांनी तासाला सव्वा डॉलर मजुरीसाठी संप केला आणि राजधानी ऑस्टिनपर्यंत मोर्चा नेला. कष्टकऱ्यांचा हा भाग पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला राहिला. २०१२ मध्ये बराक ओबामा यांना येथे सुमारे ८६ टक्के मते मिळाली होती.

आकडे काय सांगतात?

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे ९,३०० मते मिळाली, तर ट्रम्प यांना सुमारे २,२००. २०२० मध्ये जो बायडेन यांना सुमारे ९,१०० मते पडली, म्हणजे डेमोक्रॅटिक मते जवळपास तेवढीच राहिली. ट्रम्प यांची मते मात्र ८,२०० वर, म्हणजे जवळपास चौपटीने गेली. एकूण मतदान पावणेबारा हजारांवरून साडेसतरा हजारांच्या आसपास पोहोचले. ६० टक्क्यांची आघाडी पाच टक्क्यांवर आली, ती प्रामुख्याने एरवी मतदान न करणारे लोक केंद्रावर आल्यामुळे. काही मतदारांनी पक्ष बदलला असणारच, पण ते एकमेव कारण नव्हते.

२०२४ चे चित्र वेगळे आहे. ट्रम्प यांची मते सुमारे बाराशेने वाढली आणि डेमोक्रॅटिक पक्षाची त्याहून अधिक, म्हणजे सव्वादोन हजारांच्या आसपास घटली. कमला हॅरिस यांना सात हजारांचा टप्पाही गाठता आला नाही. एकूण मतदान हजाराहून अधिक मतांनी कमी झाले. यावेळी मते फिरली आणि काही मतदार घरीही बसले.

एरवी मतदान कमी का होत असे?

स्टारमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार जिंकणार हे ठरलेले आणि टेक्सास राज्य रिपब्लिकन पक्षाकडे जाणार हेही ठरलेले. १९७६ नंतर टेक्सासने एकाही डेमोक्रॅटिक अध्यक्षीय उमेदवाराला कौल दिलेला नाही. राज्यात विजयी होणाऱ्याला तेथील सर्व प्रतिनिधी मते मिळत असल्याने स्टारच्या मतांनी अध्यक्षपदाचा निकाल बदलत नसे. शेरीफ, न्यायाधीश अशा स्थानिक पदांची खरी लढत डेमोक्रॅटिक पक्षाच्या मार्चमधील प्राथमिक फेरीतच उरकायची. त्यात नावनोंदणी मतदानाच्या ३० दिवस आधी करावी लागते आणि नव्या मतदाराला ती ऑनलाइन करण्याची सोय नाही.

नवे मतदार ट्रम्प यांच्याकडे का गेले?

अनेक कुटुंबांतील कमावती माणसे तेलक्षेत्रात किंवा सीमा सुरक्षा दलात नोकरीला आहेत. ऑक्टोबर २०२० च्या वादचर्चेत बायडेन यांनी तेल उद्योगापासून टप्प्याटप्प्याने दूर जाण्याची भाषा केली. तिचा अर्थ येथे थेट रोजगाराशी जोडला गेला. करोनाकाळात डेमोक्रॅटिक पक्षाने घरोघरीचा प्रचार बराच काळ थांबवला होता, रिपब्लिकन कार्यकर्ते मात्र दारोदारी फिरत होते. पुढे जून २०२२ मध्ये देशातील महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. गरीब घराला त्याची झळ अधिक बसते. सीमेवर पिढ्यानपिढ्या राहणारे नागरिक नव्याने येणाऱ्यांकडे आपले म्हणूनच पाहतील, हे गृहीतकही चुकीचे ठरले.

डेमोक्रॅटिक पक्ष तेथून संपला का?

तसे म्हणता येत नाही. स्टार काउंटी ज्यात येते त्या २८ व्या काँग्रेस मतदारसंघात २०२४ मध्ये अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना आघाडी मिळाली, पण प्रतिनिधीगृहावर डेमोक्रॅटिक पक्षाचे हेन्री क्वेयार पुन्हा निवडून आले. २०२० पासून टेक्सासने एकाच खुणेने पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देण्याची सोय बंद केली. आता प्रत्येक पदासाठी वेगळी खूण करावी लागते. त्यामुळे वर एक पक्ष आणि खाली दुसरा, अशी निवड करताना मतदाराला थांबून विचार करावा लागतो, आणि तो करतोही.

धडा कोणता?

डेमोक्रॅटिक पक्षाची चूक २०२४ च्या प्रचारापुरती नव्हती. हक्काची मतपेढी म्हणून ज्यांच्याकडे पाहिले, त्यातील हजारो लोक मतदानालाच येत नव्हते आणि ते का येत नाहीत हे विचारायला कोणी गेले नाही. जो पक्ष आधी दारात पोहोचला, त्याला ती मते मिळाली. रिपब्लिकन पक्षानेही ती कायमची समजू नयेत. नकाशावर स्टार काउंटी आता लाल दिसते, पण २०२४ मध्ये तेथे चार रहिवाशांमागे जेमतेम एक मत पडले. लहान मुले आणि नागरिकत्व नसलेले वगळले, तरी न आलेल्यांची संख्या निकाल पुन्हा उलटवण्याएवढी मोठी आहे.