रक्तातील आम्लता आणि मूत्रपिंडाच्या नलिका

तपासणी-अहवालात ‘ॲसिडोसिस’ हा शब्द दिसला, की कुळगावच्या बाजारपेठेत काय किंवा अन्यत्र काय, तो जठराशी जोडला जातो आणि आम्लपित्ताची गोळी पुढे येते. ‘रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस’ या विकारात मात्र आम्ल वाढते ते रक्तात. दोष मूत्रपिंडाच्या गाळणीत नसून तिच्या पुढील सूक्ष्म नलिकांत असतो. म्हणूनच क्रिएटिनिन ठीक असतानाही हा विकार जडलेला असू शकतो.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बायकार्बोनेट हे आम्लाला तोलणारे भांडवल. नलिकेचा आरंभीचा भाग त्यातील सुमारे ८० टक्के रक्तात परत जमा करतो. अखेरचा भाग शरीरात रोज तयार होणारे आम्ल लघवीवाटे काढून टाकतो.

आरंभीचा भाग बिघडण्यामागे मुलांमध्ये सिस्टिनोसिससारखा आनुवंशिक विकार, तर प्रौढांमध्ये मल्टिपल मायलोमा किंवा टेनोफोविरसारखे औषध असू शकते. अखेरच्या भागाचा दोष काहींना जन्मजात असतो, कधी बहिरेपणासह. नात्यातील विवाहांत अशा अप्रकट दोषांची शक्यता वाढते. प्रौढ वयात स्योग्रेन आणि ल्युपस ही कारणे पाहावी लागतात. मुलाची उंची खुंटणे, मुतखडे पुनःपुन्हा होणे, पोटॅशियम उतरून हातपाय लुळे पडणे, ही त्याची चिन्हे होत.

व्यापारी कुटुंबांनी अधिक लक्ष द्यावे ते चौथ्या प्रकाराकडे. (तिसरा क्रमांक आता क्वचितच वापरला जातो.) जुना मधुमेह हे त्याचे प्रमुख कारण. यात अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक कमी पडते आणि पोटॅशियम उतरण्याऐवजी चढते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, त्यात दिवसभर गादीवर बसून धरलेल्या पाठीसाठी स्वतःच्या मनाने घेतलेली वेदनाशामक गोळी, आणि आरोग्यदायी म्हणून आणलेले पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचे’ मीठ, की भर पडत जाते. वाढलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते. रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करणे हाही उपाय नव्हे; त्या मूत्रपिंडाचे रक्षणही करतात.

पहिल्या दोन प्रकारांत बहुधा पोटॅशियम द्यावे लागते, चौथ्यात ते आवरावे लागते. त्यामुळे एकाचे औषध पाहून दुसऱ्याने ते घेणे धोक्याचे. वैद्याकडे जाताना घरातील सर्व गोळ्या, काढे आणि मिठाचे पाकीटही सोबत न्यावे.