खिडकीपाशीं याचक, वर्गांत गिऱ्हाईक

विद्यार्थी हा गिऱ्हाईक असून त्याचा संतोष हीच विद्यालयाची कसोटी होय, असा एक नवा मंत्र अलीकडे आमच्या महाविद्यालयांतून ऐकूं येऊं लागला आहे. १९९४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेनें, म्हणजे सर्वतोमुखी असलेल्या ‘नॅक’नें, २०१७ सालीं आपली पद्धति सुधारली, तेव्हांपासून विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी संस्थेच्या गुणांत धरली जाऊं लागली. विद्यार्थ्यांस दोन प्रश्न विचारले तर बिघडलें काय, असें वाचक म्हणतील. बिघडलें कांहींच नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जेथें विद्यार्थ्याचा संतोष हीच खरी कसोटी, तेथें त्यास कोणी विचारीत नाहीं. आणि जेथें ती कसोटी अपुरी, तेथें प्रश्नावलींचा पाऊस पडतो.

हें मोजमाप कोठून आलें तें पाहावें. अमेरिकेंत अध्यापन करणाऱ्या परशुरामन, झाइथामल व बेरी या तिघां पंडितांनीं १९८८ सालीं ‘सर्व्हक्वाल’ नांवाची बावीस कलमांची एक फूटपट्टी सिद्ध केली. तिच्या मुळाशीं बँका, क्रेडिट कार्डें, दुरुस्तीचीं कामें व रोख्यांची दलाली या धंद्यांचा अभ्यास होता. गिऱ्हाइकानें काय अपेक्षिलें व त्याच्या पदरांत काय पडलें, या दोहोंतील अंतर म्हणजे सेवेची प्रत. पुढें हीच फूटपट्टी विद्यापीठांस लावणारे निबंध जगभर निघाले. परंतु बँकेंत जाणाऱ्यास आपणांस काय हवें तें ठाऊक असतें. विद्यार्थी तर काय हवें असावें हेंच शिकण्यासाठीं येतो!

आतां महाविद्यालयाच्या कचेरीकडे वळूं. येथें मात्र विद्यार्थ्यास आपणांस काय हवें तें पक्कें ठाऊक असतें. गुणपत्रक, दाखला, शिष्यवृत्तीची रक्कम, वेळेवर लागलेला निकाल! ही निखळ सेवा आहे, व ती फूटपट्टी येथें खुशाल लावावी. पण येथें तो गिऱ्हाईक नसून याचक असतो. ‘उद्यां या’, ‘साहेब रजेवर आहेत’, ‘सर्व्हर बंद आहे’ हीं उत्तरें ऐकली नाहींत असें घर आमच्या वाचकांत क्वचितच असेल. महाराष्ट्राचा २०१६ चा विद्यापीठ कायदा निकाल फार तर ४५ दिवसांत लावावा असें सांगतो. आणि लगेच पुढल्याच वर्षीं मुंबई विद्यापीठांत संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची घाई झाली, उन्हाळ्यांतील परीक्षांचे कित्येक निकाल सप्टेंबरापर्यंत रखडले, आणि अखेर कुलगुरूंस पदावरून दूर करावें लागलें. पण विद्यार्थ्यांचे गेलेले महिने त्यांस कोण परत देणार?

न्यायालयांत दाद मागावी, तर परीक्षा घेणारें मंडळ सेवा विकीत नाहीं व परीक्षार्थी ग्राहक नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालींच ठरविलें आहे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्यास २०११ सालीं त्याच न्यायालयानें दिला खरा. पण तो माहितीच्या अधिकाराखालीं, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून नव्हे, नागरिक म्हणून! हा फरक आम्हांस फार मोलाचा वाटतो.

उलट वर्गांत काय होतें? अमेरिकन हवाई दलाच्या अकादमींत कॅरेल व वेस्ट या दोघांनीं केलेला अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनीं ज्यांस अधिक पसंती दिली, त्यांच्या हाताखालीं त्या परीक्षेपुरते गुण चांगले पडले. पण पुढच्या वर्गांत त्याच विषयाच्या आधारावर चालावयाचें आलें, तेव्हां हेच विद्यार्थी मागें पडले. कठोर गुरूचें ऋण फार उशिरा कळतें, हें आमच्या वडीलधाऱ्यांस पाहणीशिवायच ठाऊक होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, मग पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून वर्षानुवर्षें तेंच वाचून दाखविणाऱ्या प्राध्यापकास जाब कोण विचारणार? विद्यार्थ्यांनींच विचारावा! पण त्यांस संतोष विचारूं नका, वस्तुस्थिति विचारा. तास झाले कीं नाहीं, निबंध तपासून शेऱ्यांसह परत मिळाला कीं नाहीं, ग्रंथालय उघडें होतें कीं नाहीं? याचीं उत्तरें खोटीं देववत नाहींत, आणि त्यांनीं चांगल्या गुरूस भ्यावें लागत नाहीं.

वाचकहो, मुलामुलींस महाविद्यालयांत घालतांना वातानुकूलित दालनें व रंगीत माहितीपत्रकें पाहूं नका. निकाल किती दिवसांत लागतो, अध्यापकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि वह्या कोण तपासतो, एवढे तीनच प्रश्न विचारा. कचेरीनें विद्यार्थ्याची सेवा करावी, आणि वर्गानें त्यास घडवावें. आज हीं दोन्ही कामें उलटीं चाललीं आहेत, आणि त्याची किंमत आपलीं मुलें भरीत आहेत.