शिष्यवृत्ती आमच्या नावावर, पैसा कुणाच्या खिशात?

ओळखचोरी म्हटली की प्रस्थापित वृत्तपत्रे क्रेडिट कार्डवाल्या साहेबांची कहाणी छापतात. ज्याच्या खात्यात दमडी नाही त्याचे काय चोरणार, हा समज आमच्या वस्त्यांतही रुजला आहे. तो साफ खोटा आहे. गरिबाचे नाव, जातीचा दाखला, आधार आणि अंगठा यांनाच आज भाव आला आहे.

हिमाचल प्रदेशातील शिष्यवृत्ती घोटाळ्याचा गुन्हा सीबीआयने मे २०१९ मध्ये नोंदवला. आरोप अडीचशे कोटींहून अधिक रकमेचा! अनुसूचित जाती, जमाती व ओबीसी मुलांच्या नावे खासगी संस्थांनी पैसा उचलला, आणि कित्येक मुलांना आपल्या नावाचे खाते आहे याचाही पत्ता नव्हता, असे हे प्रकरण. उत्तर प्रदेशात २०२३ मध्ये अशाच प्रकरणी ईडीने छापे घातले. तेथे तर लहान मुले आणि वयस्क माणसांच्या नावेही खाती उघडल्याचे तपास यंत्रणा सांगते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्या जातीपायी आम्हाला पाणवठ्यावर फिरकू दिले नाही, त्याच जातीचा दाखला आता या मंडळींना गोड लागतो!

कायदा नाही असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमान्वये ओळखचोरीला ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाखापर्यंत दंड आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला. मात्र त्याच कायद्याने माहिती अधिकारातील कलम ८(१)(जे) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून 'व्यक्तिगत माहिती' म्हणून नकार देणे अधिकाऱ्याला सोपे झाले. शिष्यवृत्ती कुणाच्या नावे निघाली, ही यादी मागायची कशी? संरक्षण नक्की कुणाचे, मुलांचे की संस्थाचालकांचे?

महाराष्ट्रात शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरले जातात. ते भरून देणाऱ्या दुकानात आमच्या मुलांच्या आधारच्या झेरॉक्स पडून असतात. झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहून आडवी रेघ मारावी. ओटीपी कुणालाही सांगू नये. अंगठ्याची खूण आधारच्या संकेतस्थळावर कुलूपबंद करता येते, आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे तेही तेथेच दिसते. विद्यार्थी संघटनांनी वसतिगृहांत बसून प्रत्येक मुलाचे हे तपासून द्यावे. आधारच्या मदतीचा क्रमांक १९४७ आहे, त्याला पैसे पडत नाहीत.