मत विकलं म्हणणाऱ्यांना

निवडणूक संपली की पांढरपेशा पेपर वाचता वाचता म्हणतो, झोपडपट्टीनं मत विकलं. दोस्तांनो, ही शिवी आधी त्याच्याच दारात नेऊन टाका. 2024 च्या विधानसभेला मुंबईत सगळ्यात कमी मतदान श्रीमंत कुलाब्यात झालं. आम्ही सूतगिरणीतली तिसरी पाळी मारून, डोळे चोळत रांगेत उभे होतो. सातबारा नाय, पासबुकात शिल्लक नाय. मालकाच्या बरोबरीनं मोजलं जाणारं आमच्याकडं हे एकच.

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं, की राजकारणात समता आणि पोटापाण्यात विषमता हे फार दिवस चालणार नाही. विषमतेनं पोळलेले लोक ही लोकशाही उधळून लावतील. विषमता तर वाढली. मग उधळली का नाही? कारण मालकांनी आपल्या मतावर तोड काढली.

पहिली तोड जातीची. एकाच खात्यात, एकाच पगारावर महार, मातंग, कुणबी, मुसलमान राबतात. मतदानाच्या आदल्या रात्री ज्याला त्याला त्याची जात दाखवतात. पोट एक, पक्ष दहा. मतं फुटतात, आणि जिंकायला निम्मी मतं लागतच नाहीत. 2014 ला भाजपनं 31 टक्के मतांवर लोकसभेच्या 282 जागा घेतल्या.

दुसरी तोड हप्त्याची. 2024 च्या लोकसभेला महायुतीला राज्यात 48 पैकी 17 जागा मिळाल्या. त्याच जूनमध्ये त्यांना बहीण आठवली, महिना 1500 रुपये. नोव्हेंबरात सत्ता परत. माझी आई म्हणाली, "पंधराशात शिलिंडर येतं, तेल येतं. तुमच्या भाषणात काय येतं रं?" मी गप्प बसलो.

पैसे घ्यावेतच. साबण-काडेपेटीवर आपणही कर भरतो. पण उपकार मानू नयेत.

आणि आपले पुढारी? गट मोजायला बोटं पुरत नाहीत. एका जागेसाठी कुणाच्याही ओसरीवर बसतात, जमीन आणि किमान वेतनाबद्दल ब्र काढत नाहीत. डिसेंबर 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांनी तुरुंग भरले. मत मागायला नव्हे, पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून. आधी मागणी, मग मत. आपण क्रम उलटा केला.

तेव्हा पुढच्या निवडणुकीची वाट बघू नका. उद्याच वस्तीत जा. मत कुणाला, हे विचारू नका. पगार किती, घर कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचं, हे विचारा आणि लिहून काढा. तोच आपला जाहीरनामा. जो पक्ष दारात येईल त्याला तो उभा करून वाचून दाखवा.

मला आईला उत्तर द्यायचंय.

जयभीम.