जुन्या मोटारीची हरवलेली ठिणगी
पावसाळ्याच्या तोंडीं अशी तक्रार हटकून ऐकूं येते कीं, वडिलांच्या हातची मोटार कालपर्यंत उत्तम चालत होती, आज मात्र केल्या सुरू होत नाहीं. लगेच घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कॉइल बदला. दुसरा म्हणतो, गाडी भंगारांत काढा. परंतु रोग कोठें आहे हें ठरविल्यावांचून औषध देणें वैद्यकांत जसें निषिद्ध, तसेंच तें येथेंही समजावें.

उदाहरणार्थ प्रीमियर पद्मिनी घेऊं. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली ही मोटार मुंबईच्या टॅक्सींतून २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. तथापि कांहीं घरांतून ती अद्याप प्रेमानें सांभाळलेली आढळते. बॅटरीचा १२ व्होल्टांचा प्रवाह किल्लीवाटे तिच्या कॉइलमध्यें जातो. डिस्ट्रिब्युटरांतील पॉइंट उघडतांच तो तुटतो, आणि त्या क्षणीं कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन, रोटरच्या द्वारें प्लगपाशीं ठिणगी पडते. हा मार्ग ध्यानीं ठेवला म्हणजे परीक्षेचा क्रम आपोआप ठरतो.

प्रथम दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे अगदींच मंदावले व यंत्र कुंथत फिरलें, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरा क्षार जमला आहे. यंत्र जोमानें फिरूनही पेट घेत नसेल, तर पुढें जावें. गाडी न्यूट्रलमध्यें आहे, हातब्रेक ओढलेला आहे आणि पेट्रोल कोठें सांडलेलें नाहीं, एवढी खात्री करून कॉइलची मधली जाड तार डिस्ट्रिब्युटरच्या टोपणांतून काढावी. कोरड्या, रबरी मुठीच्या पकडीनें तिचें टोक यंत्राच्या लोखंडापासून पाव इंचावर धरून दुसऱ्यास सेल्फ मारावयास सांगावें.

निळी, कडकडणारी ठिणगी पडली, तर कॉइल निर्दोष आहे. नवी घेण्याचे पैसे वांचले. मग टोपणाच्या आंत पाहावें. ओल, केसासारखी भेग किंवा कोळशाची काळी रेघ बहुधा सांपडते. ओल कोरड्या फडक्यानें पुसतांच पुष्कळदां गाडी सुरू होते. प्लगच्या तारा काढावयाच्या झाल्यास एकेक काढावी. या यंत्राचा क्रम १-३-४-२ असा असून तो चुकल्यास नवेंच दुखणें उद्भवतें. प्लग कोरडे निघाले, तर मात्र पेट्रोलची वाट तपासावी.

ठिणगी पडली नाहीं, अगर पिवळट व अशक्त पडली, तर दोष अलीकडे आहे. १२ व्होल्टांच्या लहान दिव्याची एक तार यंत्राच्या लोखंडास व दुसरी कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टोकास लावून पुन्हा सेल्फ मारावा. दिवा लुकलुकला, तर पॉइंट आपलें काम करीत आहेत. संशय कंडेन्सरचा वा कॉइलचा. तो सतत जळत राहिला, तर पॉइंट नीट मिटत नाहींत. मुळींच लागला नाहीं, तर प्रवाह तेथवर येत नाहीं, किंवा पॉइंट उघडत नाहींत. काळे पडलेले पॉइंट बारीक कानशीनें घासून, त्यांतील फट माहितीपुस्तकांत दिलेल्या मापाची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी, ठेवावी.

सेल्फ एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक दाबून धरूं नये. घाबरून पुनःपुन्हा मारल्यानें चांगली बॅटरीही उतरते. हा क्रम घरांतील एकट्यासच ठाऊक असून भागत नाहीं. तो मुलामुलींसही शिकवावा. अपरात्रीं आजाऱ्यास डॉक्टरकडे न्यावयाचें असतां, दारांत उभ्या असलेल्या गाडीचें दुखणें घरांतील दोघांना तरी ओळखतां आलें पाहिजे.